बहुमताने बंद

आत्या : गुलाबी लोकर संपली. पिवळी चालेल ना?

काका : पाळण्याचा एक स्क्रू कोणी गिळला?

नणंद : वहिनीच्या नैराश्याच्या गोळ्यांसोबतचा कागद वाचलात? बाळाला धोका लिहिलाय!

सासूबाई : अगं बाई! आजपासून बंद. आम्हीही रडतच चार बाळंतपणं काढली, काही बिघडलं का?

नणंदेने लगेच याच व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेतलं. बंद : नऊ. चालू : शून्य.

सगळं जोखून गोळ्या चालू ठेवणाऱ्या डॉक्टरबाई ग्रुपमध्ये नव्हत्या. बाळाच्या तयारीचं सरप्राइज फुटू नये म्हणून वहिनीलाही घेतलं नव्हतं.

पहिलं मत तिच्या नवऱ्याचं पडलं.



मागच्या खेपेला गोळ्या बंद केल्या, तेव्हा सातव्या महिन्यात बाथरूमचं दार तोडून तिला त्यानेच बाहेर काढलं होतं.