उर्वी वाकली तेव्हा

शारजातल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे कोच भानुदास सर. उर्वी सहावीपासून त्यांच्याकडे खेळायला शिकली. बारावीनंतर तिनं आपल्याच टीममध्ये यावं, म्हणून त्यांनी तिची सगळी फी माफ करून घेतली आणि आज नवी जर्सी तिच्यापुढे धरली.

"घर दहा मिनिटांवर आहे. आई-बाबा प्रत्येक मॅचला येतील. अजून काय पाहिजे तुला?"

"आय विल थिंक, सर. इन्शाल्ला."

आणि एरवी हातावर टाळी देऊन पळणारी ती पोरगी वाकून त्यांच्या पाया पडली.

सरांनी जर्सीची पुन्हा घडी घातली. "अमेरिका की कॅनडा?"

ती दचकली. "कॅनडा. बट हाऊ डिड यू नो? मी कुणालाच सांगितलं नाहीये."

"यल्ला, पळ. आई थांबली असेल."

ती गेल्यावर ते रिकाम्या ग्राउंडवर एकटेच बसून राहिले. बावीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात, दुबईचा व्हिसा खिशात असताना, "उद्या प्रॅक्टिसला येतो" म्हणून तेही आपल्या कोचच्या असेच पाया पडले होते.

त्या कोचना तेव्हा काही कळलं नाही, असं भानुदासना आजपर्यंत वाटत होतं.