गव्हाणीतल्या भाकरी

कीर्तन संपताच सरपंचांनी कर्करोगातून उठलेल्या कडूबाईला आणि तिच्यासाठी वर्षभर धाराशिवच्या दवाखान्यात खेपा घालणाऱ्या धाकट्या जावेला, शिवकन्येला, शाली पांघरवल्या. "आपल्या गावच्या वाघिणी!" टाळ्या कडाडल्या. सप्ताहाच्या पंगतीला घरोघरच्या भाकरी जातात. कडूबाईनंही पहाटे उठून अकरा थापल्या होत्या. दोघी हात धुवायला मंडपामागं गेल्या, तर त्या अकराही भाकरी गाईच्या गव्हाणीत पडलेल्या. वाढणारी बाई पुटपुटली, "लोकं किळस करत्यात वो, काकू." "शाल चालती, भाकर चालत न्हाय व्हय?" शिवकन्या फणकारली. मागून आलेल्या कीर्तनकार महाराजांनी एक भाकरी उचलून कपाळाला लावली आणि तिथंच बसून खाल्ली. लगेच त्यांच्यापाठोपाठ आलेल्या सरपंचांसकट सगळ्यांचे हात पुढं आले, "आमालाबी परसाद द्या!" कडूबाईनं उरलेल्या भाकरी गाईपुढं सारल्या. "हिनं किळस केली न्हाय."