अंगावर घालून बघणं

"शी ट्राय ऑन नाही, काकू. शी ट्राइज ऑन," वेदिका म्हणाली. "वाक्यात 'ती' आली की क्रियापदाला शेवटी 'स' लागतो."

मालनबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा चुकीचंच म्हटलं.

वेदिका शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची, शाळेत इंग्रजी शिकवायची. नाशिक रोडच्या या बिल्डिंगमध्ये येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. मालनबाईंचे यजमान, खंडेराव, उन्हाळ्यात गेले, तेव्हापासून त्या एकट्याच असत. संध्याकाळ झाली की टीव्ही मोठ्यानं लावत, पण बघत नसत. त्यांनी एके दिवशी दार वाजवून "मला कपड्याच्या दुकानातलं इंग्रजी शिकव" म्हटलं, तेव्हा वेदिकाला नवल वाटलं होतं.

"पण ट्राय म्हणजे प्रयत्न ना गं?"

"एकटा असला तर प्रयत्न. जोडीला 'ऑन' आला की अर्थच बदलतो. अंगावर घालून बघणं."

"असं होय," मालनबाई म्हणाल्या.

कारण त्यांनी हळूहळू सांगितलं. कॉलेज रोडला कपड्यांचं एक मोठं दुकान आहे. खंडेरावांची मनाई होती; ते असेपर्यंत त्या तिकडे कधी फिरकल्या नव्हत्या. श्रावणात गेल्या. ट्रायल रूमपाशी एक मुलगी होती, तिच्याशी बोलायला गेल्या. तिनं धड वर बघितलंसुद्धा नाही. "इथं कस्टमरशी इंग्लिशमध्येच बोलतात," एवढं म्हणाली आणि आत निघून गेली.

वेदिका भडकली. "नाशिकमध्ये राहून एवढा माज! तुम्ही मेन रोडला जा काकू. बसवून, चहा पाजून कपडे दाखवतील."

"नाय गं. तिथंच जायचंय."

"मग दाखवूनच देऊ तिला!"

मालनबाईंनी पुन्हा 'शी ट्राइज ऑन' म्हणायला सुरुवात केली.

पोळ्या लाटताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या पुटपुटत राहायच्या. एवढ्या दिवसांनी घरात टीव्हीशिवाय कुणाचा तरी आवाज येत होता, तो त्यांचा स्वतःचाच.

"आता स्वतःच्या मनानं वाक्य करा," वेदिका एकदा म्हणाली. "साधा वर्तमानकाळ म्हणजे नेहमी घडतं ते."

मालनबाईंनी खूप विचार केला. मग म्हणाल्या, "शी ट्राइज ऑन अ फ्रॉक. आय वेट आउटसाइड."

"वा! 'स' बरोबर आला की! पण ही शी कोण?"

"कुणी पण," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

दिवाळी उरकल्यावर, गर्दी नसेल अशी दुपार बघून त्या सिटी बसनं निघाल्या. दुकानात शिरताच दाराजवळचा सेल्समन हसून म्हणाला, "या मावशी, काय दाखवू?"

"नको, नको," म्हणत मालनबाई तशाच पुढे गेल्या.

ती मुलगी ट्रायल रूमपाशीच कपड्यांच्या घड्या घालत होती. मालनबाईंनी हाताला लागला तो कुर्ता उचलला.

"आय वॉन्ट टू ट्राय ऑन धिस."

मुलीचे हात थांबले. तिनं वर बघितलं.

"व्हॉट साइज, मॅम?"

साइजचे सगळे शब्द वेदिकानं घोकून घेतले होते. त्यातला एकही आठवेना. आता ही पुन्हा तोंड फिरवणार, या भीतीनं त्यांनी कुर्ता छातीशी घट्ट धरला.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिची नजर त्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली, मग मोकळ्या मनगटांवर, आणि तिथंच राहिली. बऱ्याच वेळानं तिनं त्यांच्या हातातला कुर्ता काढून घेतला, रॅकवर ठेवला आणि त्याच रंगाचा एक साइज लहान काढून दिला.

"धिस वे, मॅम."

खोली अरुंद होती. मालनबाई आत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आरशात त्या एकट्याच होत्या. त्यांनी कडीकडे हात नेला, तेवढ्यात बाहेरून ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली,

"कडी लावू नकोस, आई. मी दाराशीच उभी आहे."