छातीतले ठिपके

"कॅन्सर असेल तर सरळ सांग बाई, घोळवत बसू नकोस," लुसिआने डॉक्टरणीला म्हणाली. बाकड्यावर बसून बसून तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. त्यात चारचौघांत जाताना कपड्यांवरून कमरेला गुंडाळायची मानाची चटई काचत होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

समोरचा सीटी स्कॅन तिच्या भावाच्या छातीचा होता. भाऊ फिलिमोने बाहेर व्हरांड्यात खोकत होता. बहीण ज्या खोलीत असेल तिथे भावाने पाऊल ठेवायचं नाही, ही टोंगा बेटांची रीत. घरात शेवटचा शब्द थोरल्या बहिणीचा, म्हणून रिपोर्टही तिलाच सांगायचा. फिलिमोनेने रीत जन्मभर पाळली. जरा जास्तच पाळली, असं लुसिआनेला वाटे.

तरुणपणी तिला कांजिण्या आल्या तेव्हा आई दुसऱ्या बेटावर मयताला गेलेली, वादळामुळे बोटी बंद. भीतीने शेजारी फिरकले नाहीत. आणि हा एवढा घोडा स्वयंपाकाच्या खोपटात पडून राहायचा, दारातून साधी हाक नाही. ती उठून बसायला लागली तसा हा काकांच्या बेटावर पळाला, तो दाढी वाढवूनच परतला. तिला तारलं ते देवदूताने. तापाच्या गुंगीत कुणीतरी तिचं डोकं मांडीवर घेऊन शहाळ्याचं पाणी पाजत होतं. ही साक्ष ती दर वर्षी चर्चमध्ये रडत रडत द्यायची. फिलिमोने मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकायचा. 'आमेन' तेवढं म्हणायचा.

"कॅन्सर नाही, मावशी." डॉक्टर कौफुसीने पडद्यावर बोट ठेवलं. दोन्ही फुप्फुसांत बारीक पांढरे ठिपके होते, मीठ सांडावं तसे. "हे जुने व्रण आहेत. मोठेपणी कांजिण्या येऊन छातीत उतरल्या, त्यांचे सुकून खडे झालेत. तेव्हा मरता मरता वाचलेत ते. आताचा खोकला तंबाखूचा."

"त्याला कुठल्या कांजिण्या? त्या साली अख्ख्या बेटावर मला एकटीला आल्या होत्या."

"मग तुमच्याकडूनच घेतल्या. इतक्या जोराने लागल्या म्हणजे उशाशी बसून असणार, दिवसचे दिवस."

 ती दाढी लुसिआनेला आठवली. त्याने ती पुन्हा कधीच उतरवली नव्हती, गालांवरचे वण दिसू नयेत म्हणून. इतक्या वर्षांचा राग आता कुठे ठेवावा, तिला कळेना. खूप थकल्यासारखं वाटलं, आणि रडूही आलं.

कंबर धरून ती व्हरांड्यात आली. तिला पाहताच फिलिमोने रीतीप्रमाणे लगबगीने उठला आणि दूर जायला निघाला.

तिने त्याची बाही धरली.

"बस खाली, देवदूता."