ताईचे हात थांबले

ताईचे हात थांबले. भरल्या सभागृहात, व्यासपीठाच्या मधोमध ती हात खाली सोडून उभी राहिली. कोपऱ्यात माइक धरून उभी असलेली धाकटी बहीण पुढच्या खुणेची वाट बघू लागली.

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची आणि धाकटी ते तोंडाने सांगायची. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, लहानपणापासून हेच चाललेलं. पण तिथे बोलणं ताईचं असायचं. स्वतःचं काही बोलायची वेळ आली की धाकटीच्या तोंडाला कुलूप. अध्यापक विद्यालयातल्या मुलींनी तिचं नावच 'गुळणी' पाडलं होतं. मिठाची गुळणी धरून बसते म्हणून.

आणि हिला व्हायचं होतं शिक्षिका! गेल्या आठवड्यात सरावाच्या तासाला तिने बत्तीस मुलांसमोर फळ्यावर तारीख लिहिली, वार लिहिला, आणि पुढची वीस मिनिटं वर्गाकडे वळलीच नाही. मागे नुसती खसखस पिकली. प्राचार्यबाईंनी तिला बोलावून घेतलं. "सोमवारी आणखी एक तास देते," त्या म्हणाल्या. "तोही असाच गेला तर दुसरी वाट धर. मुलांकडे पाठ करून शिकवता येत नाही, बाळ."

तेव्हा आजच्या उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धेत ती कुठली भाग घेतेय! घेतला होता ताईने. ती त्याच विद्यालयात, एक वर्ष पुढे. नेहमीचे दुभाषी सर तापाने आडवे झाले, म्हणून ऐनवेळी गुळणीला उभं केलेलं. "सगळे माझ्या हातांकडे बघतील. तुझ्याकडे कोण बघतंय?" असं सांगून ताईने तिला ओढत आणलं होतं.

चिठ्ठीत विषय निघाला 'शेवटचा बाक'. ताईचे हात झरझर चालू लागले आणि गुळणी सांगत गेली, "मी कायम पहिल्या बाकावर बसले. शिक्षकांचे ओठ दिसावेत म्हणून. ते फळ्याकडे वळले की माझी शाळा बंद. शेवटच्या बाकावरून शाळा कशी दिसते, मला माहीत नाही."

आणि तिथेच हात थांबले. दोन मिनिटंही झाली नव्हती. पाच मिनिटांची घंटा अजून लांब होती.

ताईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर गुळणीने ओळखली. ओळखणार नाही तर काय! ताईची पाचावर धारण बसली होती. भर बाजारात दुकानदाराशी हातवारे करून भांडणारी ताई तीनशे माणसांपुढे गोठली होती, आणि दुसऱ्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती. आता हसतील. ताईला ऐकू येणार नाही, पण दिसेल. गुळणीला फार वाईट वाटलं आणि मग एकदम राग आला.

"मला माहीत आहे," माइकमधून आवाज आला. तो आपलाच आहे हे तिला जरा उशिराच कळलं.

"शेवटच्या बाकावरून फक्त माना दिसतात," ती म्हणाली. "मला वर्गातल्या सगळ्या मुलींच्या माना पाठ होत्या, चेहरे सांगता आले नसते. बाईंनी प्रश्न विचारला की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. दहा वर्षांत माझी नाडी एकदाही सुटली नाही. बांधली मात्र मी रोज, दिवसातून सहा वेळा."

सभागृह हसलं. गुळणी दचकली. पण या हसण्याने काही दुखलं नाही. उलट पायांना जरा जोर आला. ती माइक घेऊन दोन पावलं पुढे सरकली.

"लोकांना वाटतं, मागे बसणारीला काही येत नाही. अहो, येत असतं! बाई पुढच्या मुलीकडे वळेपर्यंत तिने उत्तर मनात तीनदा म्हटलेलं असतं. फक्त कुणी तेवढं थांबत नाही. मी शिक्षिका झाले ना, तर पहिला प्रश्न शेवटच्या बाकाला विचारीन. आणि उत्तर येईपर्यंत थांबीन. तास संपला तरी चालेल."

घंटा झाली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की परीक्षकांनाही कागद खाली ठेवावे लागले. तिला गुळणी म्हणणाऱ्या मुली बाकड्यांवर उभ्या राहिल्या होत्या. व्यासपीठावर ताईने दोन्ही हात वर करून हलवले. तिच्या भाषेत टाळ्या अशाच वाजतात.

प्राचार्यबाई जिन्याशीच भेटल्या. "सोमवारी पाचवीचा वर्ग घे," त्या म्हणाल्या. "आणि आता मला तो तास चुकवायचा नाही."

गुळणीचे गाल आनंदाने तापले होते. पण आधी ताईला सावरायला हवं होतं. पडद्यामागे जाऊन तिने ताईला घट्ट मिठी मारली आणि मग हातांनी तिची समजूत घातली. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. घाबरतं माणूस. हात असे गोठतात कधी कधी. मी होते ना सांभाळायला!"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग पोट धरून हसायला लागली. हसू आवरल्यावर तिचे हात सावकाश चालले.

"घाबरलं कोण? माझं भाषण संपलं होतं. चल, खाली उतरू, असं सांगायला तुझ्याकडे वळले, तर तुझ्या तोंडाचा पट्टा सुटलेला!"