काचेपलीकडची कोथिंबीर

"सर, कोथिंबीर दिसली त्याला!" मी ओरडलेच.

"वासाने कळलं असेल," सबनीस सर म्हणाले.

मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या सशाच्या डोळ्यांतलं गढूळ भिंग आम्ही दोन महिन्यांपूर्वी काढलं होतं, पण त्याभोवतीची प्रथिनांची तलम पिशवी जपली होती. पिशवीने आकार धरून ठेवला, तर तिच्यातच नवं भिंग वाढेल, असं सरांना वाटायचं. बाकी कुणालाच नाही.

मी जुडी बंद काचेपलीकडे धरली. डावीकडे नेली, ससा डावीकडे वळला. उजवीकडे नेली, तसा उडी मारून काचच चाटायला लागला!

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना नाव द्यायचं नाही, जीव गुंततो, हा सरांचा कडक नियम. नुसते नंबर. आता तेच सर फरशीवर गुडघे टेकून, काचेला नाक लावून ओरडत होते, "शाब्बास रे कापश्या! बघ, बघ माझ्याकडे!"