इंदूताईची जागा

या, असे पुढं सरकून बसा. कीर्तनात मागं बसणाऱ्याला टाळ ऐकू येतात, पण बुवांचा शब्द निसटतो. ही गोष्ट तर चिमूटभरच आहे.

एकोणीसशे सत्तावन साल. चिंचवडहून पिंपरीकडं आठ बायका पळत निघाल्या होत्या. सात जणी एका घोळक्यात आणि आठवी, झुलेखा, त्यांच्या बरीच पुढं.

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे थट्टेनं 'भोंगा मंडळ' म्हणत. घरची भाकरी, पाणी उरकून बाया वेशीपाशी जमायच्या, लुगड्याचा काचा घट्ट खोचायच्या आणि पहिल्या भोंग्याला पळत सुटायच्या. दोन मैल. सातच्या दुसऱ्या भोंग्याला गेट बंद. मग वहीत तांबडा शेरा. महिन्यात तीन शेरे पडले की नाव कटलं. या महिन्यात मंडळ कधी जेमतेम पोचायचं, कधी नाही. आज महिन्याची वीस तारीख, आणि सातही जणींचे दोन-दोन शेरे पडलेले. झुलेखाचा एकही नव्हता.

झुलेखा परभणीकडची. तिचा नवरा बरकत पिंपरीच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचा. तिचं लहानपण शेरडांमागं पळण्यात गेलेलं, तिला दोन मैल म्हणजे अंगण. मंडळातली सगळ्यांच्या पुढं पळणारी इंदूताई आईच्या आजारपणात माहेरी गेली, तेव्हा तिच्या जागी झुलेखा लेबलं चिकटवायला लागली. रोज सगळ्यांच्या आधी गेटवर पोचायची, सरळ आत जायची आणि दुपारी भाकरी एकटीच खायची. तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. आपण मुसलमान, त्यात परक्या मुलखातल्या, म्हणूनच हे, असं तिनं मनाशी धरलं होतं. पळताना बाया भजन म्हणत, तेही तिला आपल्याला वगळण्यासाठीच वाटायचं. आणि त्या भजनाचा ठेका तरी किती संथ! असल्या चालीवर कुणी पळतं का?

आज निघतानाच तिनं बोलून टाकलं होतं, "यशोदाबाई, पाय उचला की जरा. का रोज मीच पहिली येऊ?"

यशोदाबाई मंडळाची म्होरकी. ती म्हणाली, "ये की. पन इंदूताईच्या जागी लागलीस न्हवं? मग तिची जागा तरी वळख."

"वळखते की. खिडकीपासचा तिसरा पाट."

बाया खुदखुदल्या. "व्हय गं बाई," यशोदाबाई म्हणाली, "पाटच त्यो!"

ते हसणं झुलेखाला झोंबलं. ती अशी सुटली की वाटेत एकदाही मागं बघितलं नाही. गेटशी पोचली आणि दुसरा भोंगा सुरू झाला. दत्तोबा हवालदार लोखंडी गेट ढकलायला लागला. आत शिरता शिरता झुलेखानं मान वळवली. सातजणींना खिजवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

सडक सरळ होती. बाया दोनशे पावलांवर होत्या. मधोमध सुभद्राबाई, पन्नाशीची, गुडघा आखडलेली. दोघींनी तिला कोपरांत धरलं होतं. आणि नदीवरून दोन-दोन घागरी घेऊन चढ चढणारी यशोदाबाई मुद्दाम आखूड पावलं टाकत होती. भजन देवाचं होतं. ठेका सुभद्राबाईच्या गुडघ्याचा होता. एखादी पुढं सुटली असती तर तिची नोकरी वाचली असती. एकही सुटत नव्हती.

पुढं सुटायची ती फक्त इंदूताई. आणि ती कशासाठी सुटायची, ते झुलेखाला त्या अर्ध्या उघड्या गेटात उभं राहून कळलं. इंदूताईची जागा खिडकीपाशी नव्हतीच.

तिनं एक पाय आत ठेवला, एक बाहेर.

"ए बाई, पाय काढ!" दत्तोबा म्हणाला. "दोन्ही आत घे, न्हाईतर तुझंबी नाव लिवीन."

"निघत नाही, हवालदार. अडकलाय."

पाय चांगला मोकळा होता. दत्तोबानं पायाकडं बघितलं. सडकेकडं बघितलं. मग कचेरीतल्या साहेबापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब, बाईचा पाय अडकलाय! गेट लावू कसं? हाड मोडू का तिचं?"

भोंगा वाजत राहिला. सुभद्राबाई आत आली, तिच्यामागं बाकीच्या. भोंग्याचा शेवटचा सूर विरला तेव्हा यशोदाबाईचा पदर आत आला होता. ती थांबली नाही. धापा टाकत, जाता जाता एवढंच म्हणाली, "दुपारी भाकरी घेऊन आमच्यात ये गं. सुभद्राबाईनं ठेचा आणलाय, तुझी शेखी उतरंल!"

झुलेखानं पाय आत घेतला. "हवालदार, माफ करा. खोटं बोलले मी."

दत्तोबा कडी घालत पुटपुटला, "इंदूताईचा रोज अडकायचा. ती गेली, आन् ईस दिवस मी वाट बघतोय, कुनाचा तरी पाय अडकतोय का. नुसतं उघडं ठिवलं तर साहेब इचारतो. रोज एवढी लवकर येतीस तू, मग पाय अडकवायला इतका उशीर?"

पुढं बऱ्याच वर्षांनी दत्तोबा नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा साहेबानं त्याच्या दाखल्यावर लिहिलं, 'इसम प्रामाणिक. गेट लावण्यास मंद.' पळणाऱ्या बायांची नावं चिंचवडात लोक अजून घेतात. तुम्ही मात्र, बाबांनो, त्या मंद माणसाची आठवण असू द्या.